थोरलीची सुई

नारिन नदीच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका गावात सायकाल थोरली सून म्हणून चाळीस वर्षं नांदली, आणि चाळीसही वर्षं धाकट्या जावेवर, उरकुयावर, जळत राहिली. तिची कणकेची बोरसोकं तेलात जास्त फुगायची, तिची घोडी जास्त दूध द्यायची. सायकालच्या हक्काचं एकच होतं. मेंढी कापली की शेपटाकडचं चरबीदार हाड थोरलीच्या ताटात पडायचं, धाकटीला त्याहून लहान. हा मान कुणाच्या बापाला हलवता येत नव्हता.

मग एकाच उन्हाळ्यात दोघींच्या छातीत गाठ निघाली. सायकालला वाटलं, हिनं यातही माझीच नक्कल केली.

शहरातल्या दवाखान्यात डॉक्टर जिपार म्हणाली, "दोघींनाही छातीचा कर्करोग आहे. रोग काखेतल्या गाठींपर्यंत पोचलाय का, ते आधी बघायला हवं." सायकालच्या काखेत बारीक सुई घातली, चार थेंब ओढले, कापसाचा बोळा दाबला. झालं! उरकुयाची काख मात्र आधी बधिर केली, मग जाड सुई, बंदुकीच्या घोड्यासारखा खट् आवाज, वर ही मोठी पट्टी. भेटायला आलेले नातेवाईक घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमीस घेऊन थेट पट्टीवालीच्या खाटेकडे गेले.

"फार दुखलं का गं?" सायकालनं विचारलं.

"नाही हो जाऊबाई. तीनदा खट् वाजलं, एवढंच."

"तीनदा!" सायकालला रात्रभर झोप नाही.

चार दिवसांनी निकाल आला. धाकटीच्या काखेत रोग पोचला होता. थोरलीच्या थेंबांत काही सापडलं नव्हतं. दुसरी असती तर देवाला हात जोडून खाटेवर पडली असती. ही तरातरा जिपारच्या खोलीत शिरली.

"डॉक्टरबाई, थोरली मी. मग जाड सुई तिला न् बारीक मला, हे कुठलं वाटप?"

जिपारला हसू आलं. "मावशी, हे काय मेंढीचं मांस आहे? तुमची काखेतली गाठ लहान, रक्तवाहिनीला खेटलेली. म्हणून बारीक सुई. तिच्यातून नुसत्या पेशी येतात, जाड सुईतून तुकडाच निघतो."

"म्हणजे तिचा तुकडा बघितला न् माझे थेंब! थेंबात नाही ते तुकड्यात असेल तर?"

जिपारचं हसू गेलं. तिनं सोनोग्राफीचं चित्र पुन्हा काढून निरखलं. "असू शकतं. बारीक सुईत कधीकधी निसटतं. अन् या गाठीची कड मला जरा जाडच वाटतेय. वाहिनी सांभाळून तुकडा काढू. पण काळंनिळं पडेल हं."

"पडू दे. तिला पडलंय ना?"

सायकालच्या काखेत खट् चार वेळा वाजलं. तिनं बोटांवर मोजलं, चारच्या चार.

तुकड्यात रोग निघाला.

त्या दिवशी सायकाल भिंतीकडे तोंड करून पडली. उरकुया पायाशी येऊन बसली, बराच वेळ पाय दाबत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, आता दोघींना आधी औषध, मग ऑपरेशन. थेंबांवर विसंबला असतात तर उशिरा कळलं असतं. तुमच्या जळकेपणानं वाचवलं हो जाऊबाई."

"मी कधी जळले गं कुणावर?"

पहिल्या औषधाला दोघी शेजारीशेजारी पडल्या. सायकालनं वर टांगलेली आपली औषधाची पिशवी बघितली, मग तिची.

"तुझी मोठी दिसतेय."

"बदलून घ्यायची का?"

"नको," सायकाल म्हणाली आणि सुई नसलेल्या हातानं जावेचा हात घट्ट धरला. "पण माझ्याआधी बरी झालीस तर याद राख."