आधी माणूस, मग कारण

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. पेन्शनीत निघून वर्षं लोटली, आता मला कोण काय करणार? तरी हे लिहिताना दाराकडे लक्ष जातं — इतका मी भित्रा आहे.

बहात्तरच्या दुष्काळात अहमदपूर-मुखेड भागातल्या एका रस्त्याच्या कामावर मी हजेरी घ्यायचो. खडी फोडणाऱ्या बायकांना प्यायला पाणी नसायचं. वर बोलायची माझी छाती नव्हती. म्हणून मी किसनला गाठलं — माझा शाळेपासूनचा दोस्त, गावातला मास्तर, बोलायला धीट. बायकांना घेऊन तहसील कचेरीवर जा, असं मीच त्याला सुचवलं. तो गेला. रिकाम्या घागरी घेऊन बायका दिवसभर कचेरीपुढं बसल्या, दुसऱ्या दिवशी टँकर आला. झालं ते एवढंच.

आणीबाणी आली तेव्हा मी त्याच कचेरीत कारकून होतो. किसन भर बाजारात सरकारविरुद्ध बोलला आणि पोलिसांनी त्याला उचललं. दुपारी साहेबांनी मला बोलावलं.

‘माणूस आत गेलाय. आता कारण लिही. जुनंपानं काही असेल ते काढ.’

हे उलटं आहे, असं मी म्हणालो का? नाही. मला एकच भीती — त्या बायकांना न्यायला कुणी सांगितलं, हे बाहेर आलं तर? मी लिहिलं: दुष्काळात मजुरांना चिथावले, कचेरीस वेढा घातला, सार्वजनिक शांततेस धोका. पाण्याचं नावसुद्धा काढलं नाही. साहेबांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं, आणि — सांगायला लाज वाटते — मला बरं वाटलं.

किसन दीड वर्ष आत होता. पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला, माझी तिकडं बदली झाली. एक दिवस तो पाय ओढत माझ्या टेबलापुढं आला. हातात मास्तरकी परत मिळावी म्हणून केलेला अर्ज होता.

‘माझ्यावरचा त्यो कागद कुणी लिहिला, ठाव हाय का रे?’

‘न्हाई,’ मी म्हणालो.

‘त्योच पुढं ठेवून लई मारलं. बायांना न्यायला कुणी सांगितलं, म्हणून इचारीत होते. म्या तुझं नाव न्हाई घेतलं. तुला लेकरं हायेत.’

मी त्याला चहा पाजला, स्टँडवर सोडायला गेलो. एसटी निघाली आणि मला हायसं वाटलं.

काही वर्षांनी तो वारल्याचं कळलं. तेव्हाही मला आधी तेच वाटलं.