धडधाकट सासूबाईंचा आजार

मैत्रिणींनो, आपली शिक्षिकांची फिरती वही आज माझ्याकडे आली आणि आजच हे घडलं, म्हणून ताजंच लिहिते.

मला मुख्याध्यापिकेची बढती मिळाली आहे, पण तोरणमाळच्या शाळेत. नकार दिला तर बढती जाते. डोंगरावर बदली झाली की ती रद्द करायचा अर्ज करायचा, ही आमच्या धुळ्याच्या शाळेची रीतच आहे. दुपारी आमचे हेडक्लार्क नाना मला न विचारताच अर्ज लिहून घरी आले.

"एकट्या बाईनं तिथं कसं राहायचं? दिवसाला एक एसटी. सही करा, बाई."

अर्जात कारण होतं, सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. नाना ते मोठ्यानं वाचत होते, तेव्हा माझ्या सासूबाई, अक्का, त्यांच्यापुढे चहा ठेवत होत्या.

"नाना, मी धडधाकट शे. माले कसाले खाटवर टाकतस?"

नाना कपाकडे बघत म्हणाले, "अक्का, कारण लागतं हो."

मीही मान खाली घातली. पाच वर्षांपूर्वी मी याच कारणावर बढती सोडली होती. खरं तर मला भीती वाटली होती.

भीती आजही वाटते. तरी त्याच कागदाच्या मागे मी लिहिलं, "मी रुजू होण्यास तयार आहे," आणि सही केली.

"पस्तावाल," नाना म्हणाले.

"पस्तावले तर मी पस्तावेन. अक्कांच्या नावावर टाकणार नाही."

वही पुढे पाठवते. खरं सांगा, तुमच्या अर्जांत कोण कोण आजारी आहे?