गढीच्या दारची लोकर

अकोले तालुक्यातले डोंगर संपून माळ लागतो, तिथं मुळा नदीच्या उतारावर, पायी नदी ओलांडायच्या जागी, एक मातीची गढी आहे. लांबून बघणाऱ्याला वाटतं, इथं मोठी लढाई झाली असणार. गढीत राहणाऱ्या म्हाताऱ्या बाबाजानला कुणी तसं विचारलं की तो म्हणतो, "व्हायची की! रोज व्हायची. तराजूपाशी."

गढी बांधली ती लोकरीसाठी. माळावरचे धनगर मेंढरं कातरून लोकर आणायचे, डोंगरातली माणसं हिरडा आणि मध आणायची, दोघांची गाठ या उतारावर पडायची. वाटमारे गठ्ठे पळवायचे म्हणून भिंती जाड, पूर चढायचा म्हणून चौथरा उंच. बाबाजानचा पणजा इथं माल तोलायला आला. पुढं मालक लोक पुण्याला गेले, तोलणारा राहिला. चार बुरुजांतला एक नदीनं नेला, दोन गावानं नेले. गढीची पांढरी माती धाब्याच्या घरांच्या छपरावर घालायला चांगली. उरलेला एक बाबाजानच्या नजरेखाली होता, म्हणून वाचला.

गढीचा एक रिवाज होता. दारात आलेली लोकर परत पाठवायची नाही. परत गेलेली लोकर कळपाला बाधते, कोकणच्या वाटेला मेंढरं टिकत नाहीत, असं धनगर मानायचे. त्या बदल्यात पहिली कातरण गढीवरच यायची.

मग घोंगड्या विणणारे कमी झाले, घरोघर रंगीत ब्लँकेटं आली, लोकर कुणी फुकटही घेईना. धनगरही यायचे थांबले. उरला एकटा अजिनाथ. बाप यायचा म्हणून हाही दिवाळी झाली की घोड्यावर गठ्ठे लादून यायचा. बाबाजान तराजू टांगायचा, लोकर तोलायचा, बदल्यात ज्वारी द्यायचा आणि तोंड भरून खोटं बोलायचा, "व्यापाऱ्याचा टेम्पो उद्या येतोय बघ. तुझ्या लोकरीवर लई जीव त्याचा."

व्यापारी कसला नि टेम्पो कसला! सगळी लोकर त्या बुरुजात कोंबलेली. पण बायको, हाजराबी, अल्लाघरी गेल्यापासून बाबाजानच्या नावानं हाक मारत गढी चढणारा हा एकच माणूस होता. गावातलं कुणी आलं तर ते गढीची माती न्यायला यायचं. लोकर विकत नाही हे कळलं तर अजिनाथ यायचा थांबेल, ही म्हाताऱ्याची धास्ती.

यंदा सुनेनं, अर्शीनं, बुरूज रिकामा करायचं मनावर घेतलं. तिला तिथं शिलाई मशीन मांडायचं होतं. बाबाजान जुम्म्याच्या नमाजला गेलेला बघून तिनं ओढणी कमरेला खोचली आणि गठ्ठे ओढून अंगणात उन्हाला टाकले. बाबाजान परत येऊन बघतो तर अंगणभर लोकर, लोकर खाणाऱ्या कसरीची पाखरं उडतायत आणि मधोमध अजिनाथ घोड्याचा लगाम धरून उभा.

"चाचा, ह्या गाठी माझ्या हातच्या हायत."

बाबाजानला वाटलं, पुढच्या पुरानं आपल्यालाही न्यावं.

"यंदा टेम्पो जरा बिघडलाय," तो म्हणाला.

"धा सालं?"

अर्शी तोंडाला ओढणी लावून हसायला लागली. "अब्बा, आता तरी बोला की खरं."

"न्हाई विकत," बाबाजान खाली बघत म्हणाला. "कुणीच घेत न्हाई. पन दारातली लोकर परत कशी धाडू?"

अजिनाथ मटकन चौथऱ्यावर बसला. "आन् मी येडा! कातरनाऱ्याचं जेवान लोकरीपरीस महाग पडतं. बाकीचे वढ्यात फेकून देत्यात. मी आपला वझं घेऊन चढतुया, का? तर म्हाताऱ्याचं मन मोडंल!"

"म्हातारा कुनाला म्हनतो रं?"

"मग काय नवरदेव म्हनू?"

बाबाजान चिडला, पण चिडणं पुरेना. शेवटी पोटातलं ओठावर आलंच. "म्हंजी पुढल्या साली न्हाई येनार तू."

अजिनाथनं खाली नदीकडं हात केला. "लोकर न्हाई आननार. मेंढरं तर ह्याच उतारानं जात्यात ना? त्यांस्नी पानी पाजून मी खाली एकटाच चटनी-भाकर खाऊ व्हय?"

बाबाजाननं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग अर्शीवर ओरडला, "बघती काय नुसती? रस्सा टाक! आन् बघ, झणझणीत कर, ह्यानं दहा वर्षं मला येड्यात काढलंय."

"मी काढलं?" अजिनाथनं घोड्यावरचे गठ्ठे सोडून अंगणातल्या ढिगावर आपटले. "हे एवढं घ्या गुमान. रिवाज हाय तुमचा."

"जाळा तो रिवाज!" अर्शी चुलीकडं जाता जाता म्हणाली. "दोघं मिळून गाद्या भरा बघू. तोवर भाकरी व्हतील."

दोघं लोकर पिंजायला बसले. लोकरीची धूळ नाकात जाऊन आळीपाळीनं शिंकत होते आणि भांडण काही संपत नव्हतं.