उपवासाचा लाल चौकोन

माझी शाळा चौथीपर्यंत. सून घरी बसून इंग्रजीचं मराठी करते. कंपनी तिला एक्सेलची शीट पाठवते. डाव्या चौकोनात इंग्रजी, उजव्या चौकोनात हिने मराठी लिहायचं. प्रत्येक चौकोनाला अक्षरांची मर्यादा असते, ती ओलांडली की चौकोन लाल होतो. काना, मात्रा, वेलांटीही वेगळी मोजतात. इंग्रजी ऐसपैस बसते तिथे मराठीचे पाय बाहेर लोंबतात.

त्या दिवशी एका रक्त तपासणाऱ्या लॅबचे संदेश होते, लोकांच्या मोबाइलवर जाणारे. लाल चौकोन दिसला तर शीट परत, दोनदा परत आली तर काम दुसऱ्याला. मूल झाल्यावर सुनेला मिळालेलं हे पहिलंच काम. ती वाचून दाखवत होती, मी मेथी निवडत होते.

"रक्ततपासणी: उपवास करून या. बरोबर पंचवीस, आई! बसलं."

"खोड ते."

मागच्या वर्षी मलाही हेच सांगितलं होतं. मी उपवास केला. सकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, चहा घेतला आणि एकलहऱ्याहून रिक्षाने नाशिकरोडला गेले. सुई घेऊन बसलेली मुलगी हसली. "आजी, उपवासाला खातात का?"

"मग तुझ्या घरी चतुर्थीला काय वारा खातात?"

रक्त न देता परत यावं लागलं. रांगेत वणीची एक बाई होती, नवरात्रात निर्जळी धरणारी. तिने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. भोवळ येऊन पडली. आम्हा दोघींचंही काही चुकलं नव्हतं, हे मी आजही सांगते.

"मग 'उपाशी या' लिहू?" सुनेने विचारलं.

"चहा पिऊन येतील. चहाला कोण खाणं म्हणतं? लिही, खायचं नाही, चहा नाही, फराळ नाही, पाणी प्यायचं."

तिने लिहिलं. लाल. पाणी काढलं.

"वणीची बाई पडली परत."

पाणी घातलं, फराळ काढला.

"आता मी परत आले."

"'रक्ततपासणी' काढू?"

"मग लोकांनी उपाशी कशासाठी राहायचं, तुझ्या कंपनीसाठी?"

ती चिडली. "काम जाईल माझं, आई. तुमचं काय, तुम्हाला मेथी निवडायची आहे."

खरंच होतं ते. पण मी मागे हटले नाही. "काम तुझं, पण संदेश माझ्यासारखीला जाणार. चौकोन काय देवाने आखलाय? ज्या माणसाने आखला त्याला सांग, मोठा कर."

तिने कीबोर्ड पुढे ओढला. मग सगळं वाक्य लिहिलं, चौकोन लाल ठेवला आणि शीट पाठवून दिली.

शीट परत आली. इंग्रजीत एका शब्दात मावतं, मराठीत का मावत नाही, असं विचारलं होतं. सुनेने मला न विचारताच उत्तर लिहिलं, "कारण इथे उपवासाला खातात." आणि तोच लाल चौकोन पुन्हा पाठवला.

यंदाच्या तपासणीआधी माझा फोन दोनदा वाजला. पहिला संदेश, "रक्ततपासणी: काही खाऊ नका." दुसरा, "चहा, फराळ नको. पाणी प्या." कंपनीने एकाचे दोन चौकोन केले होते.

सुनेला आता नवी शीट आली आहे. वर ठळक अक्षरांत सूचना आहे, मर्यादा काटेकोर पाळा. तिने ती वाचली आणि स्वयंपाकघराकडे मान वळवून विचारलं, "आई, मेथी निवडायची आहे का आज?"