माझं नाव काहून नाही

फडकं ओलं होतं. त्याच फडक्यानं माझ्या बापानं सकाळी साहेबांच्या बंगल्याची फरशी पुसली होती. फिनाईलचा वास येत होता. चित्रकारानं ते बादलीच्या काठावरून उचललं, माझ्या शाळेच्या ड्रेसवरून गुंडाळलं आणि खांद्यावर गाठ मारली. मग गुलाबाच्या आळ्यातली माती घेतली, शेणखत घातलेली, आणि माझ्या गालांना, हातांना फासली. मी पाचवीत होते. बाप दारात उभा होता. तो रेल्वेत खलाशी, म्हणजे हलक्या कामाचा मजूर, पण राबायचा रेल्वेच्या साहेबांच्या बंगल्यावर. साहेबांकडे नामांकित चित्रकार पाहुणा आलाय, त्याला एक काळी पोट्टी पाहिजे, एवढंच त्याला सांगितलं होतं. शाळेतून घरी नेता नेता त्यानं मला तिकडे वळवलं.

माती फासून झाल्यावर चित्रकार म्हणाला, "बाल खोल."

मी विचारलं, "काहून?"

तो साहेबांकडे बघून हसला. "काहून. वाह, क्या नाम है."

काहून म्हणजे का. नागपूरकडून रायपूरला आलेल्या आमच्यासारख्यांच्या घरात हा शब्द सकाळपासून सुरू होतो. काहून रडून राहिली, काहून उशीर केला. चित्रकाराला तो ठाऊक नव्हता आणि त्यानं विचारलंही नाही. बापाला ठाऊक होता. बाप जमिनीकडे पाहत राहिला. मग त्या माणसानं स्वतःच माझ्या लाल फिती ओढल्या आणि वेण्या विस्कटल्या. संध्याकाळपर्यंत मी काहून होते. काहून, इधर देख. काहून, हिलना मत.

माझं नाव विहारात भन्तेजींनी ठेवलं होतं, सगळ्या पाऱ्यासमोर, वस्तीसमोर. आई ते नाव कधी अर्धं हाकारत नसे. तिच्या गावात आमच्या बायांनी चांगलं लुगडं नेसलं तरी वरच्या जातीचे मारायचे. म्हणून इथं आल्यावर तिनं एक गोष्ट धरून ठेवली होती. माझा ड्रेस नीळ घातलेला, इस्त्रीचा. केसांना तेल, दोन घट्ट वेण्या. शेजारणी तिला चिडवायच्या, कलेक्टरीणबाई निघाली बघा. आईला ते आवडायचं.

त्या संध्याकाळी तिनं मला नळाखाली बसवलं आणि अंग लाल होईस्तोवर घासलं. बापाशी ती बोललीच नाही. मला फक्त विचारलं, "नाव नाही सांगता आलं तुले?"

पुढं राज्य नवं झालं, राजधानी आली. नव्या रायपुरात त्या चित्रकाराचं संग्रहालय उभं राहिलं, त्या एकट्याचं. मी तोवर भनपुरीच्या एका शाळेत शिक्षिका झाले होते. माणूस मोठा झाला हे कानावर होतं. ते चित्र मी कधी पाहिलं नव्हतं, पाहायचंही नव्हतं. पण शाळेची सहल ठरली आणि आठवीच्या मुलींना घेऊन मला जावं लागलं.

तिकिटावर मीच होते. विस्कटलेले केस, मातीचे गाल, खांद्यावर गाठ. मी तिकीट उलटं करून पर्समध्ये टाकलं.

आत गारवा होता, गुळगुळीत फरशी होती. संचालिकाबाई स्वतः मुलींना चित्रं दाखवत होत्या. हातमागाची साडी, गळ्यात चांदीची आदिवासी हंसळी. सगळ्यात शेवटच्या दालनात एकच चित्र होतं, भिंतभर. खाली पितळी पाटी: काहून. बाई हळू आवाजात, देवळात बोलावं तशा बोलायला लागल्या. ही मुलगी गुरुजींना, म्हणजे त्या चित्रकाराला, बस्तरच्या जंगलात सापडली. तिनं शहरातला माणूस कधी पाहिला नव्हता. ती एकच शब्द बोलली, स्वतःचं नाव. तिच्या बोलीत काहून म्हणजे रानफूल. अंगावरचं वस्त्र तिच्या आईनं विणलेलं.

  फिनाईलचा वास पुन्हा नाकात शिरला. त्या पोछ्याच्या फडक्यापुढं माणसं हात जोडून उभी होती. एकानं डोळे पुसले. माझ्या आईचा सगळा जन्म कपडे स्वच्छ ठेवण्यात गेला आणि या लोकांनी फरशीचं फडकं तिच्या नावावर खपवलं. थू.

तरीही मी गप्प होते, हे सांगायला हवं. मी मुलींना ओळीत बाहेर नेणार होते. तेवढ्यात वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला आणि बाईंनी माझ्या मुलींवरून नजर फिरवली. फुलेश्वरीवर थांबली. फुलेश्वरी वर्गात सगळ्यात काळी. बाप सिलतऱ्याच्या कारखान्यात, आई घरकाम करते.

बाई गोड हसून म्हणाल्या, "बेटा, यहाँ आओ. चोटी खोल लो. बिलकुल काहून लगोगी."

मागं दोघीतिघी खुदखुदल्या. एक कुजबुजली, काहून, काहून. फुलेश्वरीनं माझ्याकडं पाहिलं आणि तिचा हात फितीकडं गेला. ते नाव आता हिला चिकटणार होतं, बसमध्ये, वर्गात, लग्न होईपर्यंत. मी पुढं झाले आणि तिचा हात धरला.

"चोटी नहीं खुलेगी," मी म्हणाले.

बाईंनी भुवया उंचावल्या. "क्यों?"

"यही मैंने भी पूछा था. काहून का मतलब है क्यों. यह रानफूल-बिनफूल कुछ नहीं. यह मैं हूँ."

सगळे एकदा भिंतीकडं, एकदा माझ्याकडं बघू लागले. मी सगळं सांगितलं, रेल्वे, बंगला, बादली, शेणखत. फोटोग्राफर भलताच खूश झाला. मला म्हणाला, मॅडम, मग तुम्हीच जरा केस सोडता का. पिकलेले केस माझे. बाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. रागावल्या नाहीत, समजावत होत्या. म्हणाल्या, गुरुजींनी तुम्हाला अमर केलं. तुमचा सत्कार करू, शाल देऊ, फक्त ही गोष्ट आहे तशी राहू द्या, लोकांची श्रद्धा आहे. मी म्हटलं, श्रद्धा फडक्यावर आहे, शाल त्यालाच पांघरा.

परतीची बस शहरात, तेलीबांध्याला आली. मग फुलेश्वरी माझ्या शेजारी येऊन बसली. तिनं विचारलं, "मैडम, आपके पापा ने आपका नाम क्यों नहीं बताया?"

मी तिला खरं तेच सांगितलं. बापाची नोकरी साहेबांच्या हातात होती. नोकरीवर घर होतं, माझी शाळा होती. तो भित्रा नव्हता, त्याला गप्प बसवलं होतं. ती "हव", म्हणजे हो, म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी तक्रार शाळेत पोचली. मुख्याध्यापकांनी बोलावलं. संग्रहालयाचा अपमान झाला, वरून फोन आहे, माफी मागून मोकळ्या व्हा, नाहीतर नोकरीचं अवघड होईल. त्यांनी कोरा कागदही पुढं सरकवला. मी त्यावर माझं नाव लिहिलं, पूर्ण, भन्तेजींनी ठेवलेलं. माफी लिहिली नाही. लिहिलं की पितळी पाटीवर हे नाव लावा, नाहीतर चित्र उतरवा.

रविवारी तिकीट काढून तिथं कोणालाही जाता येतं. मी जाणार आहे. त्या भिंतीसमोर उभी राहून येईल त्याला सांगणार आहे, ही जंगलात सापडलेली नाही, ही रेल्वे कॉलनीतली पाचवीची मुलगी आहे. बाहेर काढलं तर फाटकाशी सांगेन. नोकरी घेतली तर रोज सांगेन.