सुई बरोबर होती

जे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. अकरा वर्षांपूर्वी वळसंगच्या शिवारात आमच्या मंडळाची जी शर्यत झाली, तिच्यात अप्पा वाट चुकले नव्हते. चुकलो होतो मी, आणि ते मला त्याच दुपारी कळलं होतं. अप्पांना जाऊन आता दीड महिना झाला. बातमी आली तेव्हा मी शाळेत मुलांच्या भूगोलाच्या वह्या तपासत होतो. शिपाई दारात उभा राहून म्हणाला, “मास्तर, ते मोजणीवाले अप्पा गेले म्हनं सकाळी.” मी लाल शाईची लेखणी खाली ठेवली. पहिला विचार काय आला, तर आता कुणी विचारणार नाही... त्या विचाराची लाज वाटते म्हणूनच हे लिहितो आहे.

अप्पा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म लोकांच्या शेतांतून साखळी ओढण्यात गेला. चण लहानशी, पायात जाड वहाणा, अंगात बंद गळ्याचा कोट आणि कोटाच्या खिशात पितळी डबीतलं होकायंत्र. आमच्या मंडळात होकायंत्राच्या शर्यतीचा खेळ आणला तो महायुद्धात मेसोपोटेमियाला जाऊन आलेल्या एका सुभेदारांनी. खेळ साधा. निघताना प्रत्येकाच्या हाती एक कागद मिळायचा. अमुक ठिकाणापासून इतके अंश, इतकी पावलं. तिथून पुढे इतके अंश, इतकी पावलं. असे पाच मुक्काम. दर मुक्कामाला साळ्यांच्या घरून रंगवून आणलेली सुताची एकेक लड टांगलेली असायची, प्रत्येक मुक्कामाला रंग वेगळा. तिच्यातला धागा तोडायचा, कोटाच्या गुंडीला बांधायचा आणि पुढे जायचं. पाच रंग घेऊन जो आधी परत येईल तो पहिला. वर्षभरात ज्याच्या शर्यती सरस, त्याचं नाव मंडळाच्या खोलीतल्या लाकडी पाटीवर रंगवलं जायचं.

तिशीच्या आतली आमची पोरं आणि त्यांच्यात बासष्ट वर्षांचे अप्पा. त्यांच्या पत्नी यमुनाकाकू म्हणायच्या, “पोरांबरोबर सूत गोळा करत हिंडतात! तेवढा वेळ घरात चरखा फिरवला असता तर एव्हाना दोन धोतरं झाली असती.” अप्पा नुसते हसायचे आणि धपाट्यांचं फडकं पिशवीत ठेवायचे. त्या वर्षी आम्ही पुष्कळ हिंडलो. मोडनिंबला आगगाडीने गेलो, धर्मशाळेत मुक्काम केला. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून अप्पांनी विहिरीवर धोतर धुतलं, वाळत टाकलं आणि ते वाळायच्या आत, अंगावरच्या दुसऱ्या धोतरावर, शर्यतीत दुसरे आले. अक्कलकोटच्या बाजूला गेलो तेव्हा वाटेत भेटेल तो कानडीत बोलायचा. पोरं हातवारे करून वाट विचारत बसली. अप्पा कुणाला विचारत नसत. “विचारायचंच असेल तर ही डबी कशाला बाळगायची, मास्तर?” हा त्यांचा नेम होता, आणि पुढे या नेमानेच त्यांचा घात केला.

अकलूजला उसाचे फड माणसापेक्षा उंच. आत शिरलं की आभाळाची पट्टी तेवढी दिसायची. अप्पा डबी तळहातावर धरून, ओठांनी पावलं मोजत एका सरीतून चालले होते. मी त्या दिवशी पंच म्हणून त्यांच्या मागोमाग होतो. फडाचा राखणदार आडवा आला.

“म्हातारबा, काय हरवलंय का?”

“हरवलं नाही रे बाबा. सापडतंय का बघतोय.”

“काय सापडतंय?”

“हिरवं सूत.”

राखणदाराने माझ्याकडे बघून कानाजवळ बोट फिरवलं. आणि शंभरेक पावलांवर अप्पा फडातून जे बाहेर पडले ते थेट कालव्याच्या दारापाशी, हिरव्या लडीसमोर. त्या शर्यतीत ते पहिले आले. वर्षाचा हिशेब मांडला तर पाटीवर नाव चढायला आता फक्त वळसंगची शर्यत राहिली होती. मंडळात आले की अप्पा त्या पाटीकडे एकदा पाहून मग बसायचे. सरकारी कागदावर जन्मभर दुसऱ्यांची नावं लिहिलेल्या माणसाला आपलं नाव एकदा कुठेतरी रंगवलेलं बघायचं होतं, एवढंच.

वळसंगची आखणी सुभेदारांनी माझ्यावर सोपवली. आखणीचं काम मला पहिल्यांदाच मिळत होतं. पंधरा दिवस आधी जाऊन मी अंश दोनदा मोजले, पावलं दोनदा मोजली. पाचवा मुक्काम ठरवला तो चौथ्या मुक्कामाच्या देवळापासून नैर्ऋत्येला असलेली एक पायऱ्यांची जुनी विहीर. शर्यतीच्या सकाळी मी लडी टांगायला निघालो. चार टांगून झाल्या. थंडीचे दिवस, एका रानात हुरड्याची आगटी पेटलेली. शेतकरी म्हणाला, “मास्तर, वाईच बसा की. लई कवळा हाय.” मी म्हटलं, उशीर होतोय. “कुटं पळून जातीया तुमची इहीर? बसा!” बसलो. शेंगाचटणीबरोबर गरम हुरडा खाण्यात अर्धा तास कुठे गेला कळलं नाही. मग होकायंत्र बाहेर न काढता गाडीवाटेने भरभर निघालो. वाटेला लागून विहीर दिसली. वाटलं, तीच, मी फक्त उलट्या अंगाने आलो आहे. मोटेच्या खांबाला निळी लड बांधली आणि शर्यत सुटायच्या जागेवर धावत गेलो.

पोरं निघाली, अप्पा निघाले. चौथ्या मुक्कामावरून पुढे निघताना पहिल्या पोराने त्याच हुरडेवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, “व्हय की, मास्तरनं मोटंवर निळं सूत बांधलंय.” बाकीचे चार त्याच्या मागे गेले. पाचही जण पाच रंग घेऊन परत आले. अप्पांचा पत्ता नाही. दीड तासाने ते आले. कोटाच्या गुंडीला चारच धागे... ते माझ्याजवळ बसले आणि काडीने मातीत रेघ ओढून म्हणाले, “मास्तर, मी इथे पोचलो. पायऱ्या उत्तरेकडून उतरतात. वर चिंच आहे. तळापर्यंत उतरून आलो, लड नाही.”

मोटेच्या विहिरीला पायऱ्या नव्हत्या. चिंचही नव्हती. त्या क्षणी मला सगळं कळलं.

सुभेदारांनी विचारलं, “मास्तर, लड कागदाप्रमाणेच बांधली होती ना?”

आजूबाजूला पंचवीस माणसं होती. मी म्हटलं, “हो.”

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “पाचामुखी परमेश्वर. चूक माझीच,” आणि पायाने मातीतली रेघ पुसली. जरा वेळाने हळूच विचारलं, “अंश दोनदा मोजले होते ना तुम्ही?” मी म्हटलं, “दोनदा.” हे मात्र खरं होतं. खऱ्याच्या आडोशाला बसलेलं खोटं कुणाला दिसत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

त्यानंतर अप्पा शर्यतीत उतरले नाहीत. त्यांना एवढंच कळून घ्यायचं होतं की सुई चुकली कशी. लोखंड जवळ असलं की सुई ढळते. म्हणून लोखंडी टोकाची काठी त्यांनी देऊन टाकली, वहाणांचे खिळे काढवले. घरी आपल्या खोलीच्या दाराशी कोनाड्यात एक पितळी वाटी ठेवली. किल्ल्या, अडकित्ता, काय लोखंडाचं असेल ते वाटीत ठेवायचं आणि मगच होकायंत्र असलेल्या खोलीत शिरायचं. तरी समाधान नाही. मग त्यांच्या मनाने घेतलं की तिथला काळा खडकच सुईला ओढत असणार. महिन्यातून एखादा रविवार ते वळसंगला जायचे. देवळापासून दर शंभर पावलांवर थांबायचे, उगवत्या सूर्याशी सुई ताडून बघायचे आणि वहीत लिहायचे. दोन वेळा मीही बरोबर गेलो. दोन्ही वेळा सुईने आम्हांला नेमकं पायऱ्यांच्या विहिरीवर नेलं. दोन्ही वेळा अप्पा काठावर बसून म्हणाले, “बघा, पुन्हा इथेच!” आणि दोन्ही वेळा मी चिंचेची कोवळी बोटुकं खात गप्प बसलो. सांगायला सबंध रान मोकळं होतं. आज सांगू, पुढच्या खेपेला सांगू... पुढे त्यांचे गुडघे धरले आणि जाणंच थांबलं.

तेराव्यानंतर भेटायला गेलो तेव्हा काकूंनी ती वही माझ्या हातात दिली. “तुमच्याकडेच राहू द्या, मास्तर. त्यांना काय शोधायचं होतं ते तुम्हांलाच ठाऊक.” त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं, मलाच ते वाक्य टोचलं. घरी येऊन वही उघडली. पानामागून पान अंश लिहिलेले, बारीक, सरळ, मोजणी खात्याच्या वळणाचं अक्षर. शेवटच्या पानावर अंश नव्हते. पेन्सिलीने तीनच ओळी होत्या. ‘सुई बरोबर. खडक बरोबर. बहुधा माझे डोळे.’

परवा वही परत करावी म्हणून गेलो, पण पिशवीतून काढलीच नाही. काकू बाजारातून आल्या. त्यांनी कमरेच्या किल्ल्या सोडल्या, कोनाड्यातल्या वाटीत ठेवल्या आणि मग खोलीत पाऊल टाकलं. मी म्हटलं, “काकू, आता कशाला?” त्या म्हणाल्या, “आत सुई आहे ना.”

मंडळाच्या पाटीवर त्या वर्षापुढे दुसऱ्याचं नाव आहे. ते पुसून अप्पांचं नाव घालावं म्हणून सुभेदारांना मी कालच पत्र टाकलं, माझं खोटंही त्यात लिहिलं. ते त्या मानाने सोपं गेलं. काकूंना वाचता येत नाही. हे कुणीतरी त्यांना वाचून दाखवील, त्याच्या आत मला त्या कोनाड्यापाशी उभं राहून तोंडाने सांगायचं आहे, की काकू, सुई बरोबर होती आणि त्यांचे डोळेही बरोबर होते. ते मी अजून सांगितलेलं नाही.