न घेतलेलं नाव

माझी नात नवऱ्याला सरळ नावाने हाक मारते, तीही स्वयंपाकघरातून पार बाहेरच्या खोलीपर्यंत. मला मोठी मजा वाटते. आमच्या वेळी बाईने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटायचं म्हणे. आणि मी अशी बावळट, ते खरं धरून चालले होते.

आणीबाणीत यांना नेलं. आदिलाबाद जिल्ह्यात, जैनथकडच्या एका गावात हे मास्तर होते, मजुरांच्या सभेत चार शब्द बोलले होते. भरदिवसा साध्या कपड्यांतले दोघे आले, "मास्तर, पाच मिनिटं चला" म्हणाले. हे दाढी करत होते. एक गाल साबणात, तसेच जीपमध्ये बसले. मला काळजी कशाची? लोक हसतील याची! एवढी माझी अक्कल.

ती पाच मिनिटं संपलीच नाहीत. वकील म्हणाले, खटला नाही, तारीख नाही. का धरलं, कुठे ठेवलं, हे ते सांगणार नाहीत. माणूस असा उचलून ठेवायची सोय इंग्रजांनी केली होती, ती आपल्यांनीही जपली.

मग गावाला काहीतरी झालं. रोज यांना रस्त्यावरून हाका मारणारा शेजारी खाली मान घालून जाऊ लागला. शाळेत नवे मास्तर आले. पोरांना विचारलं, "तुमचे जुने सर कुठं गेले रे?" तर पोरं एकमेकांकडे पाहत राहिली, घरून तंबी असावी. मी विहिरीवर गेले की बोलणं थांबायचं, नुसता रहाट कुरकुरायचा. यांचं नाव गावातून कोणी पुसून नेल्यासारखं झालं. आमच्या घरात तर ते कधी नव्हतंच.

सासूबाईंना घेऊन मी आदिलाबादला जेलच्या कचेरीत गेले.

"किससे मिलना है?" कारकुनाने विचारलं.

"यांना."

"यांना म्हंजे?"

"आमच्या घरच्यांना."

"नाव सांगा ना बाई!"

मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी जमिनीकडे. मुलाला त्यांच्या सासऱ्याचं नाव ठेवलेलं; ते त्या तरी कशा घेणार? त्यांचा तो जन्मभर 'बाळ्या'.

कारकून हसला. "बिननावाचा माणूस मी कुठून आणून देऊ?"

बाहेर आल्यावर माझ्या ध्यानात आलं. नेणारे नाव घेत नव्हते, गाव घेत नव्हतं, मीही घेत नव्हते. मग माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय?

कचेरीसमोरची चहावाली हळूच म्हणाली, धरून आणलेले जेलच्या मागच्या अंगाला असतात. आम्ही तिकडे गेलो. टळटळीत दुपार, लांबच लांब भिंत, माणूस नाही.

"आयुष्य घटलं म्हंजे?" मी विचारलं.

"आधी जित्ता हाय का थे तं पाहू," सासूबाई म्हणाल्या.

मी नाव घेतलं. जन्मात पहिल्यांदा. तोंड दुसऱ्याच बाईचं वाटलं. मग जोरात घेतलं.

"हजर!" भिंतीपलीकडून उत्तर आलं. आवाज यांचा नव्हता. लांबून दुसरा आला, "हजर!" मग तिसरा. ज्यांना हाक मारायला कोणी आलं नव्हतं, ती माणसं यांच्या नावाला ओ देत होती. मी पुन्हा ओरडले.

मग अगदी जवळून, विटाच बोलाव्यात तसं, कोणी घोगऱ्या आवाजात म्हणालं, "कोण हाय?"

"मी."

"मी म्हंजे कोण?"

माझ्या तोंडून आपलं नाव यांनी कधी ऐकलंच नव्हतं. तो आवाज मला ओळखत नव्हता, मी त्या आवाजाला ओळखत नव्हते. पलीकडे नवरा आहे की आणखी कोणी, कळेना.

सासूबाईंनी मला कोपराने बाजूला सारलं. "अरे बाळ्या, तुही बायको हाय ना! तुहं नाव घेऊन राह्यली भरउन्हात, लाज सोडून!"

मग न दिसणारी कितीतरी माणसं एकदम हसली. मी भिंतीला कान लावला, तापलेल्या विटेने तो भाजला तरी काढला नाही. एकेक हसू वेगळं करत गेले. त्यांत एक होतं, हसता हसता खोकल्यात जाणारं. ते यांचं होतं.